कुंड्यांचं माहेरपण

शिवरात्र झाली की आमच्या बिल्डिंगमधल्या कुंड्या माहेरी जातात.

हे वाक्य मी एकदा ऑफिसमध्ये सहज बोलून गेले. शेजारच्या टेबलावरची मुलगी आधी हसली, मग माझ्याकडे जरा काळजीने बघत राहिली. तेव्हापासून मी ते बाहेर कुठे बोलत नाही. पण त्यात अतिशयोक्ती काही नाही. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली जुनी बिल्डिंग आहे. शिवरात्र ते होळी या दिवसांत तिच्या लिफ्टमधून माणसं कमी आणि जास्वंदी, मोगरे, अबोल्या जास्त ये-जा करतात. सगळ्यांचं उतरायचं ठिकाण एकच. पहिला मजला, उजवीकडचं दार, परबकाका.

आम्ही नाहूरचं घर विकून इथे राहायला आलो, तेव्हा हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सामानाची खोकी अजून अर्धी बांधलेलीच होती. एका सकाळी, बाबा ऑफिसला गेल्यावर, बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी बॅटरी, खांद्यावर घडी घातलेलं गोणपाट.

"मोगरा तयार आहे का?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "नाही हो, आम्ही नवीन आहोत. तुम्हाला कोणाकडे जायचंय?"

"तुमच्याकडेच. किचनच्या खिडकीत असतो तो मोगरा. आधीच्या लोकांनी काही सांगितलं नाही वाटतं. त्याला माहेरी न्यायला आलोय."

आईने हसून "एक मिनिट हं" म्हटलं, दार लोटलं आणि मला दबक्या आवाजात म्हणाली, "बाबांना फोन लाव."

बाबा मीटिंगमध्ये होते. "काय मागतोय?" त्यांनी विचारलं. "मोगरा," मी म्हटलं. "पैसे नाही ना मागत? मग दे आणि दार लाव."

मी खिडकीच्या ग्रिलमधून मोगरा काढून दिला. काकांनी तो गोणपाटात गुंडाळून, कडेवर घेतात तसा घेतला आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेले. आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याच्या अंगावर एक पान नव्हतं. कुंडीतून नुसत्या काड्या वर आलेल्या. आई कितीतरी वेळ बघत राहिली. "सोन्यासारखं झाड नेलं आणि केरसुणी आणून दिली," ती म्हणाली. एप्रिलमध्ये त्याच काड्यांवर इतक्या कळ्या आल्या की आई रोज सकाळी वाटीभर काढायची आणि रोज म्हणायची, "पण माणूस विचित्रच आहे."

परबकाका जकात खात्यात होते. सगळी नोकरी मुलुंडच्या नाक्यावर झाली. ते निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी जकातच बंद झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं काका मानतात. "मी होतो तोवर नाका होता," असं ते सांगतात आणि आपण हसलो तर ते त्यांना आवडत नाही. नाका आता नावापुरता रिक्षावाल्यांच्या तोंडी उरला आहे. खरा नाका मात्र काकांच्या दारात अजून चालू आहे.

कुंडी घेऊन आलेल्याला ते थेट आत घेत नाहीत. "गाडी बाजूला घ्या," म्हणतात. मग कुंडी जिन्याच्या कठड्याशी ठेवायची. काका खिशातून बॅटरी काढतात. पानांच्या खालच्या बाजू बघतात, बोटाच्या पेराने कुंडीवर टकटक करून आवाज ऐकतात, चिमूटभर माती घेऊन हुंगतात. तोपर्यंत माणसाने हात मागे बांधून उभं राहायचं. मी तिथे बँकेतल्या मॅनेजरपासून सगळ्यांना तसं उभं राहिलेलं बघितलंय.

तिसऱ्या मजल्यावर हंसाबेन राहतात. बिल्डिंग झाली तेव्हापासून त्या इथे आहेत. त्यांची जास्वंद आली की मी मुद्दाम जिन्यात रेंगाळते.

"काय घालता हिला?" काका विचारतात.

"कई नाय. पानी."

काका माती हुंगतात. "तुमच्याकडचं पाणी आंबट झालंय का?"

"थोडीशी छास टाकली असेल."

"थोडीशी?"

"अरे परबभाई, रोज नाय ना! उरली तर टाकते."

"हंसाबेन, हिला फुलं यायला हवी आहेत की हिचा ढोकळा करायचाय?"

हंसाबेन खळखळून हसतात. दर वर्षी हसतात आणि दर वर्षी जास्वंदीला ताक पाजतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकांचं प्रकरण वेगळं. ते आणि परबकाका दोघे मालवणकडचे, त्यामुळे तपासणीत अधिकृत भाषा गळून पडते. मागच्या वर्षी सावंतांच्या अबोलीच्या मुळाशी बॅटरीच्या उजेडात सिगरेटचं थोटूक सापडलं.

"ह्यां काय?"

"तां वाऱ्यान उडान इलां असतलां," सावंत म्हणाले.

"वारो कधीपासून सिगरेट ओढूक लागलो?"

मागे सावंतकाकू उभ्या होत्या. सावंतांनी सिगरेट सोडली आहे असा त्यांचा तोवर समज होता. अबोली आत गेली, सावंत वर गेले, आणि त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून बरंच काही ऐकू आलं.

चौथ्या मजल्यावर निखिल आणि रिद्धी भाड्याने राहतात. घराबरोबर त्यांना एक कढीपत्ताही मिळाला, आम्हाला मोगरा मिळाला तसा. निखिलने झाडांसाठी मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतलंय. "काका, अ‍ॅप म्हणतंय की हा स्ट्रेसमध्ये आहे," तो म्हणाला.

"तुमच्याकडे बघून आला असेल," काका म्हणाले. "तुम्ही दोघं जेवता कधी?"

आत गेल्यावर जे चालतं ते मी गेली काही वर्षं जवळून बघते आहे. मी हल्ली घरून काम करते आणि फारशी बोलत नाही. काकांना हे दोन्ही गुण वाटतात. "तू बरी आहेस, कॉन्व्हेंट," असं ते मला म्हणाले होते. मी इंग्रजी शाळेत शिकले हे कळल्यापासून ते मला याच नावाने हाक मारतात. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं, पण तसा पुरावा नाही. "बाकीचे आले की तोंड चालतं, हात चालत नाही. तू कुंडी धर."

मी कुंडी धरते. काका ती आडवी करून कडेला हलकी थाप मारतात आणि मातीचा गोळा कुंडीच्याच आकारात बाहेर येतो. त्याभोवती मुळांचं जाळं झालेलं असतं, गोल गोल फिरून स्वतःलाच आवळून बसलेलं. काका एक मोठ्या दातांचा लाकडी कंगवा घेऊन ते हळूहळू मोकळं करतात. त्या वेळी त्यांचा नाक्यावरचा आवाज राहत नाही. "इतक्या कशाक गुंतवन घेतलंस गो?" असं काहीतरी ते पुटपुटतात. ते माझ्याशी नसतं. मग बाहेरची मुळं कात्रीने कापायची, कुंडीच्या भोकावर कौलाचा तुकडा ठेवायचा, नवी माती, शेणखत, निंबोळीची पेंड. जास्वंदीच्या फांद्या छाटायच्या. मोगऱ्याची पानं ओरबाडून काढायची. "होळीनंतर ऊन चढतं," काका सांगतात. "मग झाडाला हात लावायचा नाही. जे काय दुखवायचं ते आत्ता."

शेणखत ते आरे कॉलनीतल्या तबेल्यातून आणतात. आपल्या डोळ्यांदेखत भरून घेतलेलंच त्यांना चालतं. एका वर्षी पोतं फाटलं म्हणून त्यांनी घरातली जुनी चाकांची बॅग नेली. येताना बसमध्ये वास सुटला. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, बॅगेत काय?" काकांनी उत्तर दिलं, "घरगुती सामान." कंडक्टर म्हणाला, "उघडून दाखवा." ही गोष्ट काका स्वतः सांगतात आणि त्या जागी दर वेळी थांबतात. "आयुष्यभर मी लोकांना उघडून दाखवा म्हटलं, कॉन्व्हेंट. एवढं वाईट वाटतं ते मला माहीत नव्हतं."

नवी माती घातलेल्या कुंड्या लगेच गॅलरीत जात नाहीत. आधी आतल्या खोलीत, पडदा ओढून. त्या खोलीत कुणालाही प्रवेश नाही. निखिल एकदा मातीतली ओल मोजायचं यंत्र घेऊन कढीपत्त्याला भेटायला आला होता. काका दारात आडवे उभे राहिले.

"आल्या आल्या काही विचारायचं नाही. चार दिवस सावली."

"विचारत नाही काका, नुसतं बघतो."

"बघणं म्हणजेसुद्धा विचारणंच असतं. चार दिवस सावली. कुठे आलोय ते मुळांना समजू दे."

आणि दार बंद.

सावली संपली की कुंड्या गॅलरीत येतात आणि तिथे काकांचा आणखी एक हट्ट सुरू होतो. प्रत्येकीची जागा ठरलेली. गॅलरीच्या भिंतीलगत कडाप्पाच्या फळ्या आहेत. हंसाबेनची जास्वंद दाराजवळ, मग सावंतांची अबोली, मग आमचा मोगरा. एकदा मी मोगरा दोन हात अलीकडे ठेवला. काकांनी तो उचलून जागेवर ठेवला. मी खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं. कडाप्प्यावर गोल डाग होते. वर्षानुवर्षं कुंडीच्या बुडातून पाझरलेल्या पाण्याचे, क्षाराचे. प्रत्येक कुंडी आपापल्या गोलात अचूक बसत होती.

टोकाचा, सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं तिथला एक गोल रिकामा होता. जागा कमी पडून कुंड्या जमिनीवर ठेवाव्या लागल्या तरी तिथे काका काही ठेवत नाहीत. सावंतांनी एकदा तिथे चहाचा कप ठेवला होता. काकांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

शेवटच्या दिवशी पाठवणी. सगळ्यांना एका वेळी बोलावतात. कुंडी हातात देण्याआधी काका तिची ओटी भरतात, म्हणजे मूठभर शेणखत आणि चिमूटभर पेंड वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून मातीवर ठेवतात. मग सासरच्या मंडळींना सूचना. "छास बंद." "झाड म्हणजे अ‍ॅशट्रे नव्हे." "पाणी सकाळी, आणि आधी बोट घालून बघायचं." हंसाबेन कधीकधी खोटं रडून दाखवतात. काकांना तेही आवडत नाही.

एकंदरीत मी परबकाकांकडे एक करमणूक म्हणूनच बघत होते. या वर्षीपर्यंत.

माहेरपणाची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर मी टाकते. काकांना मोबाइलवर मराठी टाइप करता येत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. मजकूर दर वर्षी एकच असतो. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की आपापल्या ताब्यातील कुंड्या माहेरपणासाठी आणून द्याव्यात. कुंडी पुसून आणावी." मी तो ग्रुपवर टाकते, चौथ्या मजल्यावरून कुणीतरी हसरे चेहरे पाठवतं, झालं.

या वर्षी मजकूर टाकून झाल्यावरही काका उठले नाहीत. कात्रीला धार लावत बसले. मग म्हणाले, "बोरिवलीला पण टाक."

"बोरिवलीला कोण?"

त्यांनी नंबर सांगितला. पाठ होता. मी सेव्ह करायला गेले आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

"बोरिवली."

"वर काही लिहायचं? नमस्कार वगैरे?"

"नको. सगळ्यांना जातं तेच."

मी तेच पाठवलं, फक्त खाली माझं नाव लिहून 'परबकाकांच्या वतीने' एवढं जोडलं. फोटोच्या गोलात एक बाई होती, उन्हाचा चष्मा लावलेली, मागे कुठलातरी समुद्र. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोगरा घेऊन गेले तेव्हा तपासणी अगदीच घाईत उरकली. बॅटरीसुद्धा लावली नाही. "बोरिवलीची गाडी?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. "बोरिवलीचं काही?" नाही. एवढ्या साध्या आवाजात कुणी रोज तीच गोष्ट विचारायला लागलं की ती साधी नसते, इतकं मलाही कळतं.

विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. मी आपणहून लोकांना काही विचारत नाही. पण हंसाबेनना विचारावं लागत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी लिफ्टमध्ये त्या जास्वंद छातीशी धरून उभ्या होत्या. मी फक्त म्हटलं, "या वर्षी बोरिवलीलाही मेसेज गेलाय."

हंसाबेनचा चेहरा बदलला. "शलाकाला? त्यांनी स्वतः सांगितला?"

आमची लिफ्ट फार हळू आहे. तिसऱ्यावरून पहिल्यावर येईपर्यंत मला सगळं कळलं आणि उरलेलं त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून सांगितलं.

"ही सगळी झाडं परबभाभीची. सगळीच्या सगळी. तुझा मोगरा पण. भाई तर कधी पानी पण नाय घालायचे. भाभी गेली ना, त्याच्यानंतर लगेच यांनी एकेक कुंडी उचलली आणि दारोदार वाटून टाकली. बोलले, मला बघवत नाय. आमी पण घेतली. काय बोलणार? मग शलाका आली, त्यांची मुलगी. एकच मुलगी. बघते तर गॅलरी रिकामी! काय भांडली, बाप रे. पूर्ण बिल्डिंगने ऐकला. बोलली, बाबा, मला विचारायचं तरी. एक तगर राहिली होती कोपऱ्यात, ती उचलली आणि गेली बोरिवलीला. तेव्हापासून येत नाय. दिवाळीला फोन करते, दोन मिनिट. बस."

"आणि हे माहेरपण?"

"ते दुसऱ्या वर्षी. माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी समजली, जास्वंद परत मागायला आले. मी देऊन टाकली असती ना! पण बोलले, दिलेलं परत कसं मागू, हंसाबेन? चार दिवस माहेरी पाठवा." हंसाबेननी जास्वंदीच्या पानावरची धूळ पदराने पुसली. "मी छास का टाकते तुला वाटते? भाई ओरडले की जरा बरे असतात."

त्या दिवशी गॅलरीत बाकीच्या सगळ्या कुंड्या येऊन बसल्या होत्या. जास्वंद आणि आमचा मोगरा तेवढे अजून आत सावलीत जायचे होते. मी मोगऱ्याची कुंडी धरून बसले होते आणि समोरच्या कडाप्प्याकडे बघत होते. जास्वंदीचा गोल, अबोलीचा गोल, कढीपत्त्याचा. वर्षभर ही गॅलरी रिकामी असते आणि काका तिचं दार फारसं उघडत नाहीत. हे थोडे दिवस ती जशी होती तशी होते. एक गोल सोडून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बोरिवली.

मी वाचलं, आणि मग मला ते मोठ्याने वाचावं लागलं. "बाबांना विचारा, कुंडी नसेल तर चालेल का?"

काकांच्या हातात मोगऱ्याची मुळं होती. कंगवा थांबला. खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं.

"लिही," मग ते म्हणाले. "नाक्यावर रिकाम्या गाडीला अडवत नाहीत. सरळ सोडतात."

"असंच लिहू?"

"असंच."

मी लिहिलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. काकांनी पुन्हा मुळं विंचरायला घेतली, बरीच मोकळी झालेली होती तरी.

"तगरीला पाणी कमी लागतं कुंडीत," ते खाली बघत म्हणाले. "बुडाशी साचलं की कुजते. पोरीला ते माहीत नसणार. आईने सांगितलं नसणार. आणि मी तर..." पुढे त्यांनी मला कात्री मागितली. ती त्यांच्या मांडीवरच होती.

पाठवणीचा दिवस होळीच्या आधीचा रविवार ठरला. तोवर बोरिवलीहून काही आलं नाही आणि काकांनीही विचारणं बंद केलं. त्यांनी विचारलं नाही म्हणून मला दर दिवशी फोन बघावासा वाटायला लागला, याचा मला थोडा रागही आला. मला दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींमध्ये पडायला आवडत नाही.

रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावर नेहमीची गर्दी झाली. सावंतकाका नवा शर्ट घालून आले होते, काकू त्यांच्या बरोबर लक्ष ठेवायला. निखिल व्हिडिओ काढत होता. हंसाबेननी पाठवणी म्हणून खरंच चांदीची हळदकुंकवाची डबी आणली होती आणि जास्वंदीला हळदकुंकू लावू का असं विचारत होत्या.

"बुरशीनाशक म्हणून हळद चालेल," काका म्हणाले. "कुंकू नको."

आवाज नेहमीचा होता, पण सूचना त्यांनी अर्ध्याच दिल्या. सावंतांना सिगरेटवरून काही बोलले नाहीत. सावंतच शेवटी अस्वस्थ होऊन म्हणाले, "काय ओ परबानू, बरां नाय काय? आमका शिव्या नाय पडल्यो आज." काकांनी अबोली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा. नीट ठेव तिका." सावंत गेले नाहीत. कुंडी घेऊन तिथेच उभे राहिले.

तेव्हा जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं. माझं लक्ष आधी बॅगेकडे गेलं. साधी, कपड्यांची, भरलेली. मग उन्हाचा चष्मा, डोक्यावर सरकवलेला. बाई फोटोपेक्षा थकलेली दिसत होती. ती शेवटच्या पायरीवर थांबली, कारण पुढे कुंड्या आणि माणसं होती आणि सगळी तिच्याकडे वळली होती.

काका दारात उभे होते, हातात पुडी.

"बाबा," ती म्हणाली, "तगर गेली. पहिल्याच पावसाळ्यात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला वाटलं आता बॅटरी निघेल. एका पिवळ्या पानासाठी या माणसाने बँकेच्या मॅनेजरला जिन्यात पाव तास उभं केलेलं मी बघितलंय.

"गाडी बाजूला घ्या," काका म्हणाले. ते आम्हाला होतं. सावंत अबोलीसकट भिंतीला चिकटले, निखिलने फोन खाली घेतला, मध्ये वाट झाली. "रिकामी गाडी आहे. सोडा."

ती आमच्यामधून गेली. काकांनी तिच्या हातातली बॅग घेतली. तिने चपला काढताना भिंतीला हात टेकला आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

एवढ्यावर बिल्डिंग गप्प बसणार नव्हतीच. "अगं शलाका!" हंसाबेन पुढे सरसावल्या. "केटला वरस झाला! किती बारीक झालीस! एकटीच आली? राहणार ना? बॅग तर मोठी आहे, काय झाला..."

"मुलगो खंय?" सावंतकाकूंनी विचारलं. "कितवीत आसा आता?"

काका वळले आणि दारात आडवे उभे राहिले, अगदी निखिलसमोर उभे राहिले होते तसे. हाताला माती होती, पुडी अजून मुठीत होती.

"आल्या आल्या काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "चार दिवस सावली."

हंसाबेननी तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. काका आत गेले आणि दार लागलं. आतून पडदा ओढल्याचा आवाज आला.

मग सावंत अबोली घेऊन वर गेले, निखिल कढीपत्ता घेऊन लिफ्टची वाट बघू लागला. हंसाबेननी जास्वंदीला बोटभर हळद लावली.

माझा मोगरा आतच राहिला होता, गॅलरीत, आपल्या गोलात. बेल वाजवून तो मागता आला असता. मी मागितला नाही. चार दिवसांनी गेले.